डागांवरून रचलेली खुनाची गोष्ट: किती खरी धरायची?

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, कुठल्याही तालुक्यातल्या खून खटल्यात जन्मठेप लागली की गावात दोन तट पडतात. एक म्हणतो, "लॅबचा रिपोर्ट आहे, तो काय खोटं बोलतोय होय?" दुसरा म्हणतो, "रिपोर्टाचं काय घेऊन बसलाय, पोलीस सांगतील तसा येतो." दोघांचंही म्हणणं अपुरं आहे. फॉरेन्सिक अहवालात दोन थर असतात. खालचा मोजमापाचा, वरचा त्या मोजमापावर रचलेल्या गोष्टीचा. खालचा थर बहुधा पक्का असतो. वाद होतो आणि व्हायला हवा तो वरच्या थराबद्दल.

हे आत्ताच समजून घ्यायचं कारण आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम १७६(३) प्रमाणे सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करायचे आहेत आणि त्याचं चित्रीकरण व्हायचं आहे. ही तरतूद प्रत्यक्षात आणायला राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. म्हणजे यापुढे असे अहवाल जास्त येतील आणि शिक्षाही त्यांच्या आधारावर जास्त होतील.

टीव्हीवरचं 'रिक्रिएशन' म्हणजे पुनर्रचना नव्हे

आरोपीला बंदोबस्तात गावात आणतात. तो हाताने दाखवतो, इथे उभा होतो, इथून मारलं. कॅमेरे चालू असतात आणि संध्याकाळी बातमी येते, 'घटनेचं रिक्रिएशन'. कायद्याच्या नजरेत हा पोलिसांच्या ताब्यात दिलेला कबुलीजबाब आहे. तो तोंडी असो वा हातवाऱ्यांनी, आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. अपवाद एवढाच की त्याच्या सांगण्यावरून एखादी वस्तू नव्याने सापडली, तर त्या शोधाशी थेट संबंध असलेला तेवढा भाग चालतो. २०२२ मध्ये कर्नाटकातूनच सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या एका खून-दरोड्याच्या खटल्यात आरोपींच्या अशा जबाबांच्या डीव्हीडी न्यायालयासमोर होत्या आणि त्या टीव्हीवरही दाखवल्या गेल्या होत्या. न्यायालयाने तो पुरावा धरायला नकार दिला आणि त्याच्या प्रसारणावर कडक शब्दांत नापसंती नोंदवली.

खरी पुनर्रचना वेगळी. मागे राहिलेल्या खुणांवरून, म्हणजे रक्ताचे डाग, जखमा, जळालेले भाग, पडलेल्या वस्तू यांवरून, काय घडलं असावं याचा क्रम लावणं म्हणजे पुनर्रचना. तिला आरोपी काय म्हणतो याची गरज नसते. किंबहुना तज्ज्ञाला ते माहीत नसलेलंच बरं. त्याचं कारण पुढे येईल.

रक्ताच्या थेंबावरून मागे कसं जातात

उडालेला थेंब पृष्ठभागावर सरळ आदळला तर डाग गोल पडतो, तिरका आदळला तर लांबट. डागाची रुंदी भागिले लांबी हा थेंब ज्या कोनात आदळला त्या कोनाचा साइन (त्रिकोणमितीतला) असतो. रुंदी ४ मिमी आणि लांबी ८ मिमी असेल तर भागाकार ०.५, म्हणजे कोन ३० अंश. अनेक डागांच्या लांबीच्या दिशेने मागे रेषा ओढल्या की त्या जमिनीवर जिथे एकत्र येतात, तिथे वरच्या बाजूला कुठेतरी रक्ताचा उगम. कोन आणि अंतर धरून उंची काढतात. उंचीवरून म्हणतात, मार बसला तेव्हा माणूस उभा होता, बसला होता की आडवा होता.

इथपर्यंत सगळं साधं भूमितीचं आहे. घोळ होतो तो मोजण्यातली बारीकशी चूक पुढे उंचीत फुगते तिथे. डाग उगमापासून जमिनीवर ५० सेंटिमीटर दूर आहे असं धरू. वर सांगितलेल्या डागाची रुंदी मोजताना ०.३ मिमीची चूक झाली, ४ ऐवजी ४.३ मिमी घेतली, तर कोन साधारण ३२.५ अंश येतो आणि उंची २९ सेंटिमीटरऐवजी ३२ सेंटिमीटर. फरक किरकोळ. आता जवळपास गोल असलेला डाग घ्या, रुंदी ७.५ मिमी, लांबी ८ मिमी. कोन सुमारे ७० अंश, उंची १.३५ मीटर. इथेही तेवढीच ०.३ मिमीची चूक करून रुंदी ७.८ धरली, तर कोन ७७ अंशांवर जातो आणि उंची २.१९ मीटर होते. एका केसाएवढ्या फरकाने उगम छातीच्या उंचीवरून डोक्याच्याही वर गेला. म्हणून जाणकार माणूस गोल डाग उंचीसाठी वापरत नाही, एका डागावर विसंबत नाही, आणि उत्तर एका आकड्यात न देता 'अमुक ते अमुक' असं देतो. अहवालात एकच नेमकी उंची दिसली, तर तिथेच थांबून विचारायला हवं.

दुसरी चूक पद्धतीतच आहे. रेषा सरळ ओढतात, थेंब मात्र गुरुत्वाकर्षणामुळे आणि हवेच्या अडथळ्यामुळे वाकत खाली येतो. त्यामुळे सरळ रेषेने काढलेली उंची बहुतेकदा खऱ्यापेक्षा जास्त निघते. बसलेल्या माणसाला अहवाल उभा करू शकतो. 'बसला होता, झटापट झाली' आणि 'उभा होता, मागून वार केला' यांत सदोष मनुष्यवध आणि खून एवढं अंतर असू शकतं.

शेणाची जमीन आणि चुन्याची भिंत

डागांचे प्रयोग सहसा गुळगुळीत कागदावर, काचेवर, फरशीवर होतात. आपल्याकडे खून सोप्यात होतो, परड्यात होतो, उसाच्या फडात होतो. शेणाने सारवलेल्या जमिनीत थेंब मुरतो आणि त्याची कडा फाटते. जांभ्या दगडाच्या खडबडीत भिंतीवर लांबी-रुंदी मोजायला कडाच उरत नाही. कापडावर तर डाग धाग्यांच्या दिशेने पसरतो. कपड्यावरच्या बारीक शिंतोड्यांवरून दिशा आणि अंतर ठामपणे सांगणारा अहवाल त्यामुळे आणखी बारकाईने वाचावा लागतो.

आणि पथक पोचेपर्यंत काय काय होतं! बेळगावला प्रादेशिक न्यायसहायक प्रयोगशाळा आहे. पण जुलैच्या पावसात कणकुंबीकडच्या एखाद्या वाडीवर पोचायचं तर वेळ जातो. तोवर शेजारीपाजारी आत येऊन गेलेले असतात, कुणी तोंडावर पाणी मारलेलं असतं, देह सरळ करून वर चादर टाकलेली असते. बाहेरची जागा असेल तर पावसाने धुऊनही निघते. माश्यांचा उपद्रव वेगळाच. रक्तावर बसलेली माशी दुसरीकडे जाऊन ओकते, विष्ठा टाकते आणि त्याचे ठिपके बंदुकीच्या गोळीने उडालेल्या बारीक शिंतोड्यांसारखे दिसू शकतात. खोकल्यातून उडालेलं रक्तही तसंच दिसतं.

कपड्यांच्या बाबतीत होणारी चूक सगळ्यात साधी आणि सगळ्यात महागात पडणारी. रक्ताने ओला सदरा घडी घालून प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबला की एका बाजूचा डाग दुसऱ्या बाजूवर उमटतो आणि ओलीने बुरशी धरते. कपडा आधी सावलीत वाळवायचा, घडीच्या मध्ये कोरा कागद घालायचा, प्रत्येक कपडा वेगळ्या कागदी पाकिटात बांधायचा. दोघांचे कपडे एकाच गाठोड्यात गेले असतील, तर आरोपीच्या सदऱ्यावरच्या डागाला पुढे अर्थच उरत नाही.

एकच खूण, अनेक कारणं

बेरीज १२ आली एवढंच दिसतंय. मूळ आकडे कोणते? ७ आणि ५? ९ आणि ३? १० आणि २? उत्तरावरून प्रश्नाकडे जाताना वाटा अनेक फुटतात. पुनर्रचनेची खरी अडचण ही आहे आणि ती महागड्या यंत्राने सुटत नाही. पण याच उदाहरणात तिची ताकदही आहे. कुणी म्हणालं की एक आकडा ७ होता आणि दुसरा सम होता, तर ते खोटं, हे मात्र खात्रीने सांगता येतं. पुनर्रचना 'असंच घडलं' हे सांगायला कच्ची असते, 'असं घडणं शक्य नाही' हे सांगायला बरीच पक्की असते. आरोपी म्हणतो मी दारातून आत आलोच नाही आणि आतल्या भिंतीवर त्याच्या रक्ताळलेल्या हाताचा ठसा आहे, तर त्याचं म्हणणं पडलं. पण तो ठसा त्याने वार केला म्हणून पडला की जखमी भावाला उचलताना, हे ठसा सांगत नाही.

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात पत्नी आणि दोन मुलांच्या खुनाचा आरोप असलेल्या डेव्हिड कॅम याच्या टीशर्टवर रक्ताचे आठ बारीक ठिपके होते. सरकारी बाजूचे तज्ज्ञ म्हणाले, गोळी झाडताना उडाले. बचावाचे तज्ज्ञ म्हणाले, मुलाला गाडीतून बाहेर काढताना मुलीच्या केसांना घासून लागले. २००२ मध्ये शिक्षा, ती रद्द, २००६ मध्ये पुन्हा शिक्षा, तीही रद्द, आणि २०१३ मध्ये निर्दोष सुटका. ठिपके तेच आठ होते.

टेक्सासमधल्या क्लिफ्टन गावचे शाळेचे मुख्याध्यापक जो ब्रायन यांची गोष्ट जास्त अस्वस्थ करणारी आहे. १९८५ मध्ये त्यांच्या पत्नीचा घरात गोळ्या झाडून खून झाला तेव्हा ते एका परिषदेसाठी सुमारे १९० किलोमीटरवर ऑस्टिनला होते. त्यांच्या गाडीत सापडलेल्या टॉर्चच्या काचेवर बारीक ठिपके होते. एका पोलीस अधिकाऱ्याने, ज्याचं या विषयातलं प्रशिक्षण ४० तासांचं होतं, त्या ठिपक्यांवरून टॉर्च गोळी झाडताना मारेकऱ्याच्या हातात होती अशी साखळी जोडली. १९८६ मध्ये शिक्षा, ती रद्द झाल्यावर १९८९ मध्ये पुन्हा ९९ वर्षांची शिक्षा. २०१८ मध्ये टेक्सासच्या फॉरेन्सिक आयोगाने म्हटलं की ती साक्ष अचूक नव्हती आणि तिला शास्त्रीय आधार नव्हता. साक्ष देणाऱ्यानेही प्रतिज्ञापत्रावर आपले निष्कर्ष चुकल्याचं मान्य केलं. तरीही दोषसिद्धी रद्द झाली नाही. २०२० मध्ये ते पॅरोलवर बाहेर आले. शास्त्राने चूक कबूल केली म्हणून न्यायालयाचा निकाल आपोआप बदलत नाही, हे यातून कळतं आणि मनाला लागतं.

विहिरीचा प्रश्न

आपल्या भागात रक्ताच्या डागांपेक्षा जास्त वेळा वाद होतो तो विहिरीचा. समजा, एका मळ्यातल्या विहिरीत सून मृत सापडली. माहेरचे म्हणतात ढकललं, सासरचे म्हणतात पाय घसरला. शवविच्छेदनात 'बुडून मृत्यू' आला. पण बुडून हे मृत्यूचं कारण झालं. ती पाण्यात कशी गेली हे त्यात नाही.

डोक्याला जखम आहे. काठीची की विहिरीच्या दगडी बांधणीची? जखमेभोवती सूज आणि रक्त साकळलेलं असेल तर ती जिवंतपणी झाली एवढं ठरतं. पण घसरताना दगडावर आपटली तेव्हाही ती जिवंतच होती, त्यामुळे दोन्ही गोष्टी तशाच उभ्या राहतात. उपयोगी पडतं ते वेगळंच: जखमेत शेवाळ किंवा दगडाचे कण आहेत का, काठावर घसरल्याची खूण आहे का, दंडावर बोटांच्या आकाराचे वळ आहेत का, नखात कुणाची कातडी आहे का.

पाणी काठापासून १० मीटर खाली असेल तर खाली पोचायला सुमारे १.४ सेकंद लागतात. नुसता पाय घसरलेला माणूस भिंतीच्या जवळून पडतो, जोराने गेलेला दूर पडतो. त्यावरून 'देह अमुक अंतरावर होता म्हणून ढकललं' असा हिशेब मांडतात. रस्त्यावर इमारतीवरून पडलेल्या माणसाच्या बाबतीत हा हिशेब काही प्रमाणात चालतो. विहिरीत चालत नाही, कारण देह पाण्यात हलतो, बुडतो, फुगून पुन्हा वर येतो. शिवाय जोराने ढकललेला आणि स्वतः उडी मारलेला, दोघेही दूरच पडतात.

मग डायटम चाचणी. डायटम म्हणजे पाण्यातली सूक्ष्म शैवालं. जिवंत माणूस बुडताना पाणी ओढतो आणि ती रक्तातून हाडांच्या मज्जेपर्यंत पोचतात. मज्जा आम्लात विरघळवून उरलेली कवचं सूक्ष्मदर्शकाखाली बघतात आणि विहिरीच्या पाण्याशी ताडून बघतात. त्यासाठी त्याच विहिरीचं पाणी त्याच वेळी स्वच्छ बाटलीत घ्यावं लागतं, आणि नेमकं तेच पुष्कळदा राहून जातं. शवागारातल्या नळाच्या पाण्यानेही कवचं मिसळू शकतात. चाचणीत काही आढळलं नाही म्हणून बुडालीच नाही, असंही म्हणता येत नाही.

मृत्यूची वेळ ठरवतानाही असंच. देह थंड होण्याचा वेग मोजून वेळ काढतात, पण मे महिन्यात हवाच ३६ अंशांवर असेल तर देह थंड होणार तरी किती! त्या दिवसांत नेमका तास सांगणारा अहवाल शंकेचा.

स्वतःच्याच विरोधात गेलेला प्रयोग

पुनर्रचनेची परीक्षा कशी घ्यावी याचा उत्तम नमुना अमेरिकेत फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलला १९९० मधल्या एका आगीनंतर घडला. घराला आग लागून सहा जण गेले होते. घरातल्याच एका माणसावर पेट्रोलसारखं काही ओतून आग लावल्याचा संशय होता, कारण जमिनीवर ओतल्यासारखे जळके पट्टे होते. त्याचं म्हणणं, मुलाने सोफ्याला आग लावली. शेजारी जवळपास तसंच एक घर रिकामं होतं. सरकारी बाजूच्याच तज्ज्ञांनी त्यात तशीच सजावट करून नुसता सोफा पेटवला. पाच मिनिटांच्या आत खोलीभर एकदम भडका उडाला आणि जमिनीवर तेच पट्टे उमटले, ज्वलनशील द्रवाचा थेंबही न ओतता. तज्ज्ञांनी मत बदललं, आरोप मागे घेतले गेले.

ही कसोटी आपल्याकडच्या 'स्टोव्हचा भडका की रॉकेल ओतलं' या खटल्यांनाही लागू पडते. अहवालाला विचारायचं एकच: दुसऱ्या शक्यतेचा प्रयोग करून पाहिला का?

"तज्ज्ञाला वीस वर्षांचा अनुभव आहे की!"

अनुभव लागतोच, पण आपलं उत्तर बरोबर आलं की चूक, हे ज्याला कधी कळत नाही, त्याचा अनुभव चुकाही पक्क्या करतो. २००५ मध्ये लास व्हेगासला आगीचा तपास करणाऱ्या ५३ जणांना जळालेली खोली दाखवून खोलीच्या चार भागांपैकी कोणत्या भागात आग सुरू झाली ते विचारलं. बरोबर उत्तर देणारे तिघे. डोळे मिटून बोट ठेवलं असतं तरी तेराएक जण बरोबर आले असते. रक्ताच्या डागांवर २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात ७५ तज्ज्ञांची उत्तरं तपासली. खरं कारण माहीत असलेल्या नमुन्यांत सुमारे ११ टक्के उत्तरं चुकली. हे तज्ज्ञ अडाणी नव्हते. कामच तसं अवघड आहे.

आणि आरोपी काय म्हणतो ते तज्ज्ञाला माहीत नसलेलं बरं, असं मघाशी म्हटलं त्याचं कारण आता. २००६ च्या एका प्रयोगात पाच अनुभवी ठसेतज्ज्ञांना त्यांनीच पूर्वी जुळतात म्हटलेले ठसे नकळत पुन्हा दिले आणि हे ठसे चुकीने जुळवल्याचं गाजलेल्या प्रकरणातले आहेत असं सांगितलं. पाचपैकी चौघांनी स्वतःचंच जुनं मत बदललं. मुद्देमालाबरोबर जाणाऱ्या पत्रात 'आरोपीने कबुली दिली आहे' असं वाक्य असेल, तर पुढच्या माणसाच्या नजरेवर त्याचा परिणाम होतो. यात लबाडी नसते, म्हणूनच ती चूक पकडायला कठीण.

"मग खुनी मोकळेच सुटणार!"

नाही. पुनर्रचनेला तिच्या जागी ठेवलं म्हणून डीएनए, ठसे, हत्याराची जप्ती, प्रत्यक्षदर्शी, फोनची नोंद हे काही नाहीसं होत नाही. (फोनबद्दलही एक जपायचं: टॉवर म्हणजे जागा नव्हे. कोगनोळीत उभ्या माणसाचा फोन कागल बाजूचा टॉवर पकडू शकतो.) सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या पुण्याच्या खटल्यात परिस्थितिजन्य पुराव्याची पाच तत्त्वं सांगितली. त्यातलं एक असं की आरोपी दोषी आहे याखेरीज दुसरी कोणतीही शक्यता पुराव्याने उरता कामा नये. तिथेही प्रश्न खून की आत्महत्या हाच होता, आणि फाशीची शिक्षा झालेला आरोपी सुटला. दोन गोष्टींना सारखाच जुळणारा डाग या कसोटीवर एकट्याने टिकत नाही.

साधं लेबलही गोष्ट फिरवतं. २००८ च्या नोएडा दुहेरी खून प्रकरणात रक्त लागलेला उशीचा अभ्रा कुणाच्या खोलीतला, यावर खून कुठे झाला हे अवलंबून होतं. हैदराबादच्या प्रयोगशाळेने नंतर सांगितलं की अहवालात वर्णनांची अदलाबदल टंकलेखनाची चूक होती. २०१३ मध्ये झालेली शिक्षा २०१७ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने रद्द केली.

शिक्षा लागल्यावर काय करता येतं

सत्र न्यायालयाच्या शिक्षेविरुद्ध उच्च न्यायालयात अपिलाची मुदत ६० दिवसांची असते, फाशी असेल तर ३०. बेळगाव जिल्ह्याचं अपील धारवाड खंडपीठात जातं. उशीर झाला तर कारण दाखवून माफी मागता येते, पण त्या भरवशावर बसू नये. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. हिंडलगा कारागृहातल्या कैद्यानेही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे तसा अर्ज करावा.

वकिलाकडे नुसता निकाल घेऊन जाऊ नका. पंचनामा आणि त्यातला मोजमापांचा नकाशा, मोजपट्टी ठेवून काढलेले फोटो, चित्रीकरण, मुद्देमाल कधी सील झाला आणि प्रयोगशाळेत कधी पोचला त्या तारखा, सोबतचं पत्र, हे सगळं मिळवा. मोजपट्टीशिवाय काढलेल्या किंवा तिरक्या कोनातून घेतलेल्या फोटोवरून डागाचा कोन काढला असेल, तर तो आकडा निरुपयोगी आहे. पंचनामा कन्नडमध्ये आणि पंच फक्त मराठी वाचणारा असेल, तर त्याला तो वाचून, समजावून सांगितला होता का हे उलटतपासणीत विचारलं गेलं का ते बघा. सीमाभागात हा मुद्दा वारंवार दुर्लक्षित होतो.

सरकारी प्रयोगशाळेतल्या ठरावीक तज्ज्ञांचा अहवाल त्यांना साक्षीला न बोलावताही पुरावा म्हणून वाचता येतो. खटला चालू असेल तर तज्ज्ञाला बोलवा असा अर्ज वेळेत करायला हवा. ते राहून गेलं असेल आणि शिक्षा झाली असेल, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३२ प्रमाणे अपिलात जादा पुरावा घेण्याची विनंती करता येते. आधी का केलं नाही याचं सबळ कारण मात्र द्यावं लागतं. तज्ज्ञ साक्षीला उभा राहिला की प्रश्न असे हवेत: किती डाग मोजले आणि किती सोडले? उंचीची कमाल-किमान मर्यादा काय? पृष्ठभाग कोणता होता आणि तशा पृष्ठभागावर प्रयोग केला का? आरोपीचा जबाब अहवालाआधी वाचला होता का? आणि बचावाची गोष्ट खरी असती, तर डाग कुठे वेगळा दिसला असता?